ती आत काय बोलली

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना कुणी फादरांवर किंवा आमच्या विभागावर संशय घ्यायला नको. एका माणसाने आमच्या व्याख्यानमालेत आठ शनिवार एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवला आणि आठही वेळा ती चिठ्ठी मी गुपचूप पँटच्या खिशात घातली. एक तर खिशातच धुतली गेली. वॉशिंग मशीनमधून माझी काळी पँट पांढरे ठिपके घेऊन बाहेर आली, तेव्हा बायको म्हणाली, “हे काय, प्रेमपत्र होतं का?” मी म्हणालो, “नाही, एका काकांचा प्रश्न होता.” तिला तो विनोद वाटला.

मी समाजशास्त्र शिकवतो. लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदाच. लोकांनी मला विचारलेला एक साधा प्रश्न मात्र मला पेलला नाही.

आमचं कॉलेज ठाण्यातलं, ख्रिस्ती संस्थेचं. प्राचार्य फादर आहेत, मूळचे वसईकडचे. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध. मी डोंबिवलीकर, त्यामुळे घाईत ‘मी सांगितलेलं’, ‘मी गेलेलो’ असं बोलून जातो. फादर ‘मी गेलो होतो’ म्हणतात आणि मग माझ्याकडे असे बघतात की मी जिथे गेलेलो तिथून परत आलो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं. प्राचार्य होण्याआधी ते आमच्याच विभागाचे प्रमुख होते. संशोधनावर त्यांची इतकी श्रद्धा की कधी कधी वाटतं, वरच्या मजल्यावरच्या चॅपेलमध्येसुद्धा ते देवासमोर प्रश्नावली घेऊनच बसत असतील.

दरवर्षी आम्ही दहा शनिवार संध्याकाळी पाच वाजता लोकांसाठी व्याख्यानं ठेवतो. कोणीही यावं, बसावं, चहा प्यावा. पूर्वी व्याख्यान संपलं की माइक फिरायचा. पण डोंबिवली-कल्याणकडून येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या हातात माइक गेला की तो परत यायचा नाही. एक गृहस्थ उभे राहून म्हणायचे, “माझे तीन प्रश्न आहेत. त्यातला पहिला हा प्रश्न नसून निरीक्षण आहे.” दुसरा प्रश्नही निरीक्षणच निघायचा. तिसऱ्यापर्यंत वक्ता पाणी मागायचा. म्हणून फादरांनी नियम केला: प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा माझ्याकडे यायचा. मी त्यातल्या पाच चिठ्ठ्या निवडून फादरांना द्यायच्या, त्यांनी व्यासपीठावरून वाचायच्या.

वाचून झालेली प्रत्येक चिठ्ठी फादर एका फाईलला लावून ठेवायचे. फाईलवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘लोकांचे प्रश्न’. मला म्हणायचे, “सर, समाज काय उत्तरं देतो ते सगळेच तपासतात. समाज काय विचारतो, ते कुणी तपासत नाही. दहाव्या शनिवारी समारोपाचं व्याख्यान मी यावरच देणार.”

आता या डब्यात खरोखर काय यायचं ते सांगतो. ‘मागचा पंखा वाढवा.’ ‘चहा व्याख्यानाआधी द्यावा.’ ‘पार्किंगचे काय?’ एखादा शहाणा प्रश्न असायचाच, पण फादर व्यासपीठावर हात पुढे करून उभे, समोर दूरवरून आलेला वक्ता, आणि मी त्यांच्या हातात पंखा ठेवायचा? मला रिकामी जागा बघवत नाही. हा माझा जुना आजार आहे. फॉर्ममधला रकाना असो, हजेरीपटावरचा चौकोन असो, रिकामं दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. तर मी घरूनच चिठ्ठ्या लिहून नेऊ लागलो.

बायकोने मला पकडलं ते जेवणाच्या टेबलावर. तीन पेनं, चार प्रकारचे कागद आणि मी डाव्या हाताने लिहितोय.

“हे काय चाललंय?”

“पूर्वतयारी.”

“डाव्या हाताने?”

“विविधता हवी ना.”

तिने एक चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचली. “‘आई अंथरुणाला खिळल्यावर तिचे बोलणे ऐकून घेणारे घरात कोणी उरत नाही. समाजशास्त्र तिचे ऐकते काय? – एक गृहिणी, विठ्ठलवाडी.’ अरे, ही बाई विठ्ठलवाडीत राहते की वर्तमानपत्राच्या अग्रलेखात?”

मी ती चिठ्ठी बदलली नाही. पुढच्या शनिवारी फादरांनी ती वाचली तेव्हा त्यांचा आवाज जरा ओला झाला. मला लाज वाटायला हवी होती. वाटला अभिमान.

त्या काकांची पहिली चिठ्ठी पहिल्याच शनिवारी आली. दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाच्या मागे, निळ्या शाईत, एकच ओळ: ‘ती आत काय बोलली?’

व्याख्यान होतं शहरात येणाऱ्या लोंढ्यांवर. कोण ती? कुठे आत? मी वेड्यागत उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं. दुसऱ्या शनिवारी सणांच्या बदलत्या स्वरूपावर बोलणं झालं, डब्यात पुन्हा तेच: ‘ती आत काय बोलली?’ मला वाटलं, कोणीतरी विद्यार्थी टवाळी करतोय. तिसऱ्या चिठ्ठीत मात्र खुलासा होता: ‘तुमच्या कालेजने गावात सर्वे केला तेव्हा मला घराबाहेर बसवला. माझी बायको आत काय बोलली ते सांगावे.’

तेव्हा मला घाम फुटला. मागचा पंखा खरंच हळू होता.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलेलो. फादर विभागप्रमुख. कॉलेजपासून जवळच, खाडीच्या अंगाला एक जुनं गाव आहे. तिथल्या बायका एके काळी मिठागरात राबायच्या, मग मिठागरं बंद पडत गेली. त्या बायकांचं घरातलं स्थान काय, असा आमचा अभ्यास होता. चार पानी फॉर्म. शेवटचं पान नवऱ्याविषयी. आणि त्या पानासाठी फादरांचा कडक नियम: नवऱ्याने घरात थांबायचं नाही. बाईला शब्द द्यायचा की तू जे सांगशील ते कुणाला कळणार नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही.

बहुतेक नवरे कुरकुरत उठायचे. एकाने मात्र दारातच पाय रोवले.

“माज्याच घरातून मना भायेर?”

“काका, पद्धत आहे.”

“कोनची पद्धत?”

“संशोधनाची.”

“आमच्यात तं लग्नात पन नवऱ्याला भायेर नाय काडीत,” असं म्हणत तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी दार लोटलं. पाऊण तासाने बाहेर आलो तर तो तसाच बसलेला. “काय बोलली?” मी नव्या नोकरीच्या रुबाबात म्हणालो, “काका, ते गुप्त असतं,” आणि पुढच्या घराकडे वळलो.

आत त्या पाऊण तासात काय झालं, ते मी तेव्हा फादरांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. त्या सर्व्हेचा अहवालही कधी झाला नाही. पुढे अभ्यासक्रम बदलला, फादर प्राचार्य झाले आणि फॉर्मांचे गठ्ठे स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात गेले. अशा कपाटांची एक गंमत आहे. माणसं त्यात आयुष्यभराचं बोलणं देऊन मोकळी होतात, आणि आपण त्याच्यावर छत्र्या वाळत घालतो.

तर तिसऱ्या चिठ्ठीनंतर मला कळलेलं की कोण विचारतंय आणि कशाबद्दल. त्यापुढच्या पाच चिठ्ठ्या मी जाणूनबुजून खिशात घातल्या. श्रोत्यांत तो कुठे बसतो तेही शोधलं: शेवटून दुसरी रांग, पांढरा सदरा, डोक्यावर बारीक कापलेले पांढरे केस, बोटात जाडजूड अंगठी. फादर चिठ्ठी वाचायला लागले की तो पुढे झुके. पाचवी संपली की मागे टेके. मी दुसरीकडे बघे.

नवव्या शनिवारी गंमत झाली. वक्त्या नाशिकहून आलेल्या, मोठ्या अभ्यासू. त्यांना ‘एक निवृत्त शिक्षक, कल्याण’ यांचा प्रश्न फार आवडला. मी तो उजव्या हाताने पण तिरका लिहिला होता. बाई म्हणाल्या, “असा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नाही. या सरांना मला माझं पुस्तक भेट द्यायचंय.”

फादर खूश होऊन म्हणाले, “कल्याणचे सर, कृपया उभे राहा.”

कोणी उभं राहिलं नाही. माना मागे वळल्या. मीही मागे वळून शोधल्यासारखं केलं. आज आठवलं की अंगावर काटा येतो तो याच वळून बघण्याचा.

“लाजू नका, सर,” फादर म्हणाले.

पुढच्या रांगेतून एक आवाज आला, “कल्याणवाले लवकर निघतात हो.” थोडं हसू झालं. आणि शेवटून दुसऱ्या रांगेत पांढरा सदरा उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पुस्तक घेऊन दोन पायऱ्या उतरल्यासुद्धा.

“मी तो नाय,” काका म्हणाले. “मी हितलाच. पन माजीबी चिठ्ठी हाय. आठ शनवार टाकतोय. त्या डब्याला खालून भोक हाय का, तेवढा बघा.”

सभागृह असं हसलं की वक्त्या बाईही हसल्या. फादर हसले नाहीत. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्या संध्याकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. काकांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही. म्हणाले, “तुमच्या बिस्किटाच्या डब्याचा मना अनुभव हाय.”

फादरांनी विचारलं, “सर, यांच्या चिठ्ठ्या?”

“विषयाला धरून नव्हत्या, फादर.”

“आठही?”

मी कपातल्या चहाकडे पाहिलं.

मग काकांनी सांगायला सुरुवात केली. माझ्याकडे पाठ करूनच. “फादर, त्या दिवशी हा सर आमच्या घरान गेला. मी ओट्यावर. आतून मना काय आयकू येतंय? तिचा हसना. मोठमोठ्यान. माजी बायको कदी असा हसली नव्हती माज्यासमोर. मी मनात बोललो, ही माजा काय काय सांगतंय याला? हा गेल्यावर विचारला. ती बोलली, गुप्त हाय. त्या दिवसापासून भांडान झाला की एकच. ‘कालेजच्या कागदान सगला लिवून दिलाय मी. तुमचा एकेक. मी मरन, तुमी मरशाल, पन कागद रेल.’”

“मग?”

“मंग काय, गप बसाचो. सांजची बाटली बंद केली. तिला पानी भरून देवाला लागलो. गाववाल्यांना वाटला मना कोनी अंगारा दिला. सोला वर्षां, फादर, मी त्या कागदाला घाबरून जगलो. दोन वर्षां झाली ती गेली. पोरा चांगली हायत, इमारत हाय, भाडा येतंय. मना काय नको. फक्त ती माज्याबद्दल काय बोलली, तेवढा मना सांगा. शिव्या दिल्या असतील तं शिव्या सांगा. शिव्या तिच्या मना चालतील.”

फादरांनी पेपरवेट बाजूला सारला. “काका, आम्ही त्यांना शब्द दिला होता. कुणालाही सांगणार नाही असा. तुम्हाला तर नाहीच.”

“ती नाय आता.”

“शब्द आहे.”

“बरा,” काका उठले. “म्हंजे बायको माजी, घर माजा, आनी गुपित तुमचा.”

फादरांना हे लागलं. त्यांनी काकांना खांद्याला धरून बसवलं आणि मला म्हणाले, “सर, तो फॉर्म शोधा. मी स्वतः वाचतो. त्यात दुखावणारं काही नसेल तर मी विचार करीन.”

निघताना काका दारातून वळले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. “सर, नीट शोधा हां. खिशान बी बघा.”

फॉर्म मला सोमवारी मिळाला. चार वाळलेल्या छत्र्यांखाली, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला. पहिली तीन पानं ठीक होती. मिठागरात किती वर्षं, मुलं किती, कामाला कोणत्या वेळी निघायच्या. चौथ्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘पती समजूतदार असून घरातील निर्णय परस्पर सहमतीने घेतले जातात. उत्तरदाती वैवाहिक जीवनाविषयी समाधानी आहे.’

हे त्या बाईचं नव्हतं. तिने चौथ्या पानावर एका अक्षराचं उत्तर दिलं नव्हतं. गावाबाहेरच्या रिक्षा स्टँडवर बसून, मांडीवर फॉर्म ठेवून, ते मी लिहिलेलं. पान कोरं दिसलं म्हणून.

घरी बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं.

“दे की नेऊन. म्हातारा खूश होईल. समजूतदार लिहिलंयस.”

“पण ते मी लिहिलंय.”

“मग काय झालं? एवढं चांगलं तू माझ्याबद्दलही कधी लिहिलं नाहीस.” मग फॉर्म परत देताना म्हणाली, “पण ‘परस्पर सहमतीने’? असं मी कधी बोलले ना, तर समज तुझी बायको पळाली आणि घरात दुसरीच कोणी बसलीय.”

त्या रात्री मी झोपलो नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. झोपलो. पण सकाळी पहिला विचार आला तो असा: आपण हा कागद दिला तर काय बिघडेल? सगळ्यांचंच भलं. काकांना समाधान, फादरांना समाधान, मला समाधान. असा तिहेरी फायदा दिसला की मला हल्ली भीती वाटते. तेव्हा वाटली नाही. मी फॉर्म फादरांच्या टेबलावर ठेवला.

फादरांनी चौथं पान वाचलं. चष्मा काढला. पुन्हा लावून वाचलं. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी खाली बघितलं.

“सर, यात कुणाचंच नुकसान नाही. उलट... सोळा वर्षं तो माणूस शिव्या समजून घाबरत होता, आणि ती म्हणाली होती समाधानी आहे! हे त्याला सांगायलाच हवं. कागद द्यायचा नाही, तोंडी सांगू. मीही येतो.”

त्यांनी रागावून ‘नियम म्हणजे नियम’ म्हटलं असतं तर मी आजपर्यंत गप्प राहिलो असतो. पण ते माझ्या रिक्षा स्टँडवरच्या वाक्यासाठी स्वतःचा शब्द मोडायला निघाले होते. मी म्हणालो, “फादर, बसू का?”

“बसलेलेच आहात.”

मी सांगितलं. बाई काही बोलली नव्हती, ते मी भरलं. फादरांनी हळूच उठून कपाटातून ‘लोकांचे प्रश्न’ ही फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

“यातल्या?”

चोरी पकडली गेली की उरलेली आपणच दाखवतो. मी एकेक चिठ्ठी काढून बाजूला ठेवू लागलो. अंबरनाथचा विद्यार्थी. घोडबंदर रोडवरची नोकरदार महिला. कल्याणचे निवृत्त शिक्षक. फाईल पातळ होत गेली. फादर फक्त बघत होते. शेवटच्या चिठ्ठीवर माझा हात थांबला तसा त्यांचा आवाज आला.

“विठ्ठलवाडीची गृहिणी पण?”

“हो, फादर.”

“सर, तिच्या आईसाठी मी सात रविवार प्रार्थना केली.”

फादरांनी फाईल उचलून हलवून पाहिली. आत खरोखरच्या लोकांच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक पंख्याची होती. कधीतरी गडबडीत मी दिलेली. “शनिवारी माझा समारोप,” ते म्हणाले. “लोक काय विचारतात, या विषयावर. लोक पंखा विचारतात.” मग दार उघडून धरत म्हणाले, “त्या गृहस्थांकडे जा. एकटे जा. माझं नाव पुढे करू नका.”

मी लगेच गेलो असं नाही. शनिवार होऊ दे, मग जाऊ, असं स्वतःला समजावलं. शनिवारी फादर खरंच पंख्यावर बोलले. जो माणूस दूरवरून ऐकायला येतो तो पंखाच का मागतो, आणि ज्यांना आपण ऐकायला बोलावतो त्यांच्या डोक्यावर वारा आहे की नाही हे आपण आधी का बघत नाही, असं सुरू करून ते कुठल्या कुठे गेले. त्या वर्षातलं ते सगळ्यात चांगलं व्याख्यान. मध्येच म्हणाले, “यंदा काही चिठ्ठ्या आमच्याच घरच्या होत्या. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शेवटून दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. लोक त्या खुर्चीवर पिशव्या ठेवत होते.

रविवारी सकाळी मी गावात गेलो. ओट्याचं घर गेलं होतं, तिथे चार मजली इमारत उभी होती. तळमजल्यावर, जिन्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत काका बसले होते.

“आयलास? कागद आनलास?”

मी फॉर्म दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. “चष्मा वर हाय. तू वाच,” म्हणून परत दिला.

“काका, हे वाचण्यासारखं नाही. हे मी लिहिलंय. काकूंनी नाही.”

“मंग ती काय बोलली?”

म्हणून मी त्यांना सोळा वर्षांनी सांगितलं. काकू सुपात सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घेऊन निवडत बसल्या होत्या. पहिली तीन पानं त्यांनी सरळ सांगितली. चौथं पान काढलं तशा दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, “तो कान देऊन बसलाय भायेर. घरातला मी कोनाला नाय सांगनार. तू आपला एकेक वाच, मी नुसती हसतंय. बसूंदे त्याला.” आणि खरंच, मी प्रश्न वाचायचो आणि त्या हसायच्या. आधी खोटं खोटं, मोठ्याने, दाराच्या दिशेने. पण ‘पती घरकामात मदत करतात का?’ हा प्रश्न आला तेव्हा त्यांना खरंच हसू आलं. सूप कलंडलं, करंदी जमिनीभर झाली, डोळ्याला पदर लावून त्या हसत राहिल्या. मीही हसलो. निघताना मला म्हणाल्या, “विचारला तं सांग, गुप्त हाय.”

काका ऐकत होते.

“ते मोठा हसना,” ते म्हणाले. “ते मदत करतात का, त्याला व्हता?”

“हो.”

“मना वाटला, मी पडलो व्हतो मिठाच्या खड्ड्यान, ते सांगतंय.” ते हसायला लागले. हसता हसता खोकले. “सोला वर्षां! बाटली सोडली, पानी भरला, आनी कागद कोरा! काय बाई व्हती ही.” वरच्या मजल्यावरून सुनेने वाकून पाहिलं, काय झालं म्हणून. त्यांनी हाताने तिला जा म्हटलं.

मग एकदम थांबले. माझ्याकडचा फॉर्म घेतला, चौथ्या पानावर बोट ठेवलं.

“कोरा तं नाय पन हा. तू भरलास. काय लिवलास?”

मी वाचून दाखवलं. समजूतदार. परस्पर सहमती. समाधानी.

“हे कोन बोलतंय?”

“मी.”

“माज्या बायकोच्या जागेवर?”

“हो.”

“ती हसली, तेवढा तरी लिवाचा व्हतास रे,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “त्या पानावर तिचा तेवढाच व्हता. तो पन तू नाय ठेवलास.”

मी घरून निघताना पुष्कळ वाक्यं ठरवली होती. त्यात नोकरीतला नवखेपणा होता, वेळेची घाई होती, विभागावरचा ताण होता. उभं राहिल्यावर ती सगळी मी सोडून दिली. मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, “पाया नको. तोंडान बोल.”

म्हणून तोंडाने बोललो. “काका, तुमच्या चिठ्ठ्या मी ठेवून घेतल्या त्या विषय सोडून होत्या म्हणून नव्हे. मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगितलं तर मी उघडा पडलो असतो, म्हणून ठेवून घेतल्या. फादरांना मी खोटं सांगितलं. काकू हसल्या ते मी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याबरोबर हसलोही, आणि त्यांच्या नावावर लिहिलं मात्र माझं वाक्य. त्यांना आता सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. चुकलो मी. मला माफ करा.”